रक्तगटाच्या पुढची ओळ

शाळेच्या ओळखपत्रावर मुलाचं नाव, तुकडी, पालकांचा फोन आणि त्याखाली रक्तगट छापलेला असतो. तो गाडीच्या परवान्यावर असतो, कारखान्याच्या बिल्ल्यावर असतो, हरिश्चंद्रगडाला निघालेल्या ग्रुपच्या यादीतही असतो. ‘ओ पॉझिटिव्ह’ म्हणजे रक्तात नेमकं काय आहे आणि काय नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना सांगता येणार नाही. पण स्वतःचा गट झोपेतून उठवून विचारला तरी सांगू.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी हे गट वेगळे काढले. त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं हा निव्वळ जुगार होता. कधी माणूस तरायचा, कधी हुडहुडी भरून, लघवी लाल होऊन तासाभरात जायचा. घेणाऱ्याच्या रक्तात आधीपासून असलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) परक्या तांबड्या पेशींवर तुटून पडायची, हे त्याचं कारण. म्हणजे रक्तगट तपासणं ही मुळात प्रतिकारशक्तीची तपासणी आहे, आणि तिचा निकाल पाहून या माणसाला हे द्या, त्याला ते देऊ नका असं ठरवणं म्हणजेच हल्ली ज्याला व्यक्तिनुरूप औषधोपचार म्हणतात तो. फक्त त्याला असं भारदस्त नाव कुणी दिलं नाही आणि त्याचे लाखभर रुपयेही कुणी मागितले नाहीत.

या गोष्टीत मुंबईचा वाटा ठळक आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा रक्तगट कळवला. या माणसांचं रक्त वरवर ‘ओ’ दिसतं, पण त्यांना ‘ओ’ रक्तही चालत नाही. तोच आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो असं म्हणतात. पुढे १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र सुरू झालं. केईएमच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहीमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था म्हणजे त्याच केंद्राचं आजचं रूप. माणसामाणसांतला हा फरक इथल्या सरकारी संस्थांनी सत्तर वर्षांपूर्वी ओळखला, मोजला आणि सर्वांच्या उपयोगी आणला. म्हणून ‘हे सगळं श्रीमंत देशांचं, आपल्याला परवडणारं नाही’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

आता एक घरची गोष्ट. माझ्या मावशीला काही वर्षांपूर्वी गालात कळा येऊ लागल्या. वीज चमकावी तशी कळ. तोंड धुताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी. आधी दाढ काढून झाली. मग कुणीतरी शहाण्या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं ओळखलं आणि कार्बामाझेपिन लिहून दिलं. औषध योग्यच होतं. या दुखण्यावर आणि फेफऱ्यावर ते जगभर पिढ्यान्‌पिढ्या देतात, गोळी काही रुपयांना मिळते, आणि मावशीच्या कळा चार दिवसांत थांबल्याही. दोन आठवडे होत आले तेव्हा ताप आला, तोंड आलं. घरात ठरलं, उष्णता झाली. सब्जा झाला, गुलकंद झाला, गोळी चालूच. मग अंगावर चट्टे, चट्ट्यांचे फोड, आणि एका सकाळी पापण्या चिकटलेल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत पाठीची कातडी हाताला लागत होती. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे शब्द आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. अशा रोग्याला भाजलेल्या माणसासारखं जपावं लागतं. मावशी वाचली. डोळ्यांतलं पाणी मात्र कायमचं आटलं. आजही दर दोन तासांनी थेंब घालते आणि उन्हात बाहेर पडत नाही.

चूक कुणाची? ज्यांनी औषध लिहिलं त्यांची मी म्हणणार नाही. त्यांनी पुस्तकात आहे तेच केलं. मावशीची ती एक तपासणी त्या वेळी झाली नाही आणि नंतरही कुणी केली नाही, तेव्हा तिच्या बाबतीत नेमकं काय झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अशी तपासणी अस्तित्वात आहे आणि २००४ पासून आहे, हे मला नंतर वाचताना कळलं, आणि तिथून हा लेख सुरू झाला.

किडनी बदलायची वेळ ज्या घरावर आली आहे, त्यांना एचएलए हा शब्द ठाऊक असेल. भावाची किडनी बहिणीला जुळते का, हे पाहताना तेच जुळवतात. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगाला ही प्रथिनं असतात. पेशी आत जे काही तयार करते, त्याचे बारीक तुकडे या प्रथिनांच्या खोबणीत ठेवून बाहेर धरते, जणू तबकात घालून दाखवते. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या गस्तीवरच्या पेशी, ते पाहतात. घरचंच असेल तर पुढे जातात, विषाणूचा तुकडा दिसला तर त्या पेशीचा निकाल लावतात. तबकाचा घाट आईकडून एक, वडिलांकडून एक असा येतो आणि त्याचे हजारो प्रकार आहेत. हे वैविध्य आहे म्हणूनच एका साथीत सगळं गाव मरत नाही. पण त्याची किंमतही आहे. काही घाटांत एखाद्या औषधाचा रेणू असा काही बसतो की आपलंच तबक परकं दिसू लागतं. मग टी-पेशी स्वतःच्या कातडीवर, यकृतावर चालून जातात. औषध तेच, मात्रा तीच. एकाला गुण येतो, दुसऱ्याची साल निघते.

एचआयव्हीवरचं अबाकाविर हे औषध १९९८ मध्ये बाजारात आलं. घेणाऱ्यांतल्या काहींना पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या व्हायच्या, आणि अशाला पुन्हा औषध दिलं तर तो दगावायचाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी दाखवलं की हे होतं ते प्रामुख्यानं एचएलए-बी ५७:०१ हा घाट असलेल्यांना. २००८ मध्ये एकोणीस देशांतल्या जवळपास दोन हजार रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आधी तपासून मग औषध दिलेल्या गटात त्वचेच्या चाचणीनं पक्की ठरलेली प्रतिक्रिया एकालाही आली नाही. न तपासता दिलेल्या गटात २.७ टक्क्यांना आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तपासल्याशिवाय देऊ नका असं बजावलं. शोध लागल्यापासून नियम होईपर्यंत सहा वर्षं गेली. वैद्यकाच्या हिशेबानं हा वेग वाऱ्याचा. हा घाट युरोपीय वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, औषध महाग होतं आणि रुग्ण आवाज उठवणारे होते, हेही ध्यानात ठेवू.

मावशीच्या गोळीची कथा तैवानमधली. २००४ मध्ये तिथल्या गटानं ‘नेचर’मध्ये लिहिलं: कार्बामाझेपिननं कातडी सोललेले ४४ हान चिनी रुग्ण तपासले, ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी १५:०२ सापडला. युरोपीय लोकांत हा घाट जवळजवळ नाहीच. म्हणून तिकडच्या पुस्तकांत तो नव्हता. २०११ मध्ये तैवाननं पुढचं पाऊल टाकलं. ४,८७७ जणांना गोळी देण्याआधी तपासलं. पावणेआठ टक्क्यांच्या आसपास लोकांत हा घाट निघाला, त्यांना दुसरं औषध दिलं, उरलेल्यांना हेच. जुन्या हिशेबानं दहाएक जणांची कातडी जायला हवी होती. एकाचीही गेली नाही. सिंगापूरनं २०१३ मध्ये ही तपासणी आशियाई रुग्णांसाठी नेहमीच्या उपचाराचाच भाग केली, थायलंडनं ती सरकारी आरोग्य योजनेत बसवली. भारतातला जो अभ्यास २००९ मध्ये आला, तो अगदी लहान: आठ रुग्ण, त्यातल्या सहांत हाच घाट. आठ हा काही आकडा नव्हे, हे मान्य. पण तो आकडा मोठा करायचं काम कुणाचं होतं?

आता कुष्ठरोगाकडे येतो. माझा सगळा आग्रह तिथे आहे.

डॅप्सोन ही कुष्ठरोगावरची जुनी गोळी. रिफाम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन यांच्या जोडीनं ती बहुविध उपचाराच्या पाकिटात येते, सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि या पाकिटानं हा रोग जगभर मागे रेटला. घेणाऱ्यांपैकी ०.५ ते ३.६ टक्के लोकांना चार-सहा आठवड्यांत ताप येतो, पुरळ उठतं, गाठी येतात, कावीळ होते. ज्यांना हे होतं त्यांतले सुमारे दहा टक्के मरतात. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये याचं मूळ दाखवलं: एचएलए-बी १३:०१. तो घाट नसेल तर धोका १.४ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर येतो. त्याच निबंधात कोणत्या देशात हा घाट किती आढळतो याची एक ओळ आहे. चिनी लोकांत २ ते २० टक्के, भारतीयांत १ ते १२ टक्के, युरोपीय आणि आफ्रिकी लोकांत जवळजवळ शून्य. ती ओळ मी तीनदा वाचली. चीननं पुढे दीड हजारांच्या आसपास कुष्ठरुग्ण आधी तपासले, घाट नसलेल्या १,२५१ जणांना डॅप्सोन दिलं. तेरा जणांना त्रास होईल असा अंदाज होता. एकालाही झाला नाही. ही बातमी २०१९ ची.

२०२२ मध्ये जगात कुष्ठरोगाचे १,७४,०८७ नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १,०३,८१९ एकट्या भारतातले. चीनमध्ये हा रोग आता नावापुरता उरला आहे. ज्या देशाला या तपासणीची गरज आपल्याहून कितीतरी कमी, त्यानं ती केली. आपण काय केलं? १,०३,८१९ या आकड्यावर ०.५ टक्का, म्हणजे सगळ्यांत सौम्य टोक लावलं तरी वर्षाला पाचशेवर माणसं आजारी पडतात आणि पन्नासएक मरतात. हा मोजलेला आकडा नव्हे, शाळेतलं त्रैराशिक आहे. प्रत्यक्षात कमीही असेल. पण मोजलेला आकडा समोर नसताना त्रैराशिकच करावं लागतं. अशा मरणाच्या दाखल्यावर डॅप्सोनचं नाव कोण लिहिणार? गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरचा माणूस कावीळ होऊन गेला, एवढीच नोंद.

महाराष्ट्राला तर या विषयात हात झटकता येणार नाहीत. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन. सेवाग्रामात कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धुणारे गांधीजी. कुष्ठरोग्याला माणूस म्हणून वागवण्याचा धडा देशात अनेकांनी इथून घेतला. त्या परंपरेबद्दल भाषणं ठोकताना आपला कंठ दाटून येतो. पण त्याच माणसाच्या रक्ताचा एक थेंब गोळीआधी तपासावा, हे धोरण कुणाच्या टिपणात नसतं. करुणा आणि प्रयोगशाळा या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी आहेत असं आपल्याला का वाटतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

तिन्ही औषधं एकाखाली एक मांडून पाहा. ज्या घाटाचा त्रास युरोपीयांना होतो, त्याची तपासणी सहा वर्षांत सक्तीची. ज्याचा त्रास आशियातल्यांना होतो, तिथे तैवान, थायलंड, सिंगापूर यांनी आपापलं पाहून घेतलं. ज्याचा त्रास आशियातल्या गरिबांना होतो, तिथे एक चीन सोडला तर शांतता. विज्ञान तिन्ही ठिकाणी सारखंच पक्कं होतं असं मी म्हणत नाही. डॅप्सोनच्या तपासणीची अचूकता पंच्याऐंशी टक्क्यांच्या घरातली, अबाकाविरच्या तुलनेत डावी. पण एवढ्यानं हा फरक भागत नाही. प्रतिकारशक्तीला कोणता प्रश्न विचारायचा हे ज्याच्या हातात पैसा आहे तो ठरवतो, आणि फुकट वाटल्या जाणाऱ्या गोळीबद्दल प्रश्न विचारून कुणाचाच धंदा होत नाही.

धंदा कशात आहे ते कोविडनंतर आपण पाहिलंच. ‘इम्युनिटी’ हा शब्द काढ्याच्या पाकिटापासून पनीरच्या वेष्टनापर्यंत पोचला. लस घेतल्यावर ‘माझ्या अँटिबॉडी किती निघाल्या’ याची सोसायटीच्या ग्रुपवर दहावीच्या टक्क्यांसारखी चर्चा झाली. ज्यांच्या कमी निघाल्या ते खजील. आता त्यापुढचा माल आला आहे: रक्तातली शेकडो मापं काढून ‘तुमच्या प्रतिकारशक्तीचं वय’ सांगणाऱ्या तपासण्या, आणि कोणत्या पदार्थाविरुद्ध कोणती प्रतिपिंडं आहेत ते पाहून गहू-दूध सोडायला लावणारे अहवाल. या दुसऱ्या प्रकाराबद्दल तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनीच सांगितलं आहे की ती आयजीजी प्रतिपिंडं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाल्ल्याची खूण, तो बाधल्याची नव्हे. तरीही चाळीस पदार्थ वर्ज्य करून हडकुळ्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

या मापांत तथ्य नाही असं मात्र म्हणता येत नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या गटानं जुळ्यांच्या १०५ जोड्यांची प्रतिकारशक्ती दोनशेवर मापांनी तपासली. तीनचतुर्थांशांहून जास्त मापांत फरक ठरवणारी मुख्य गोष्ट आनुवंशिक नव्हती. कोणते जंतू अंगावरून गेले, काय खाल्लं, कुठे राहिलो, यांचा वाटा मोठा. सायटोमेगॅलो नावाचा एक गुपचूप विषाणू जोडीतल्या एकालाच झालेला असला, तर निम्म्याहून अधिक मापं बदललेली. जुळी भावंडंही वय वाढेल तशी एकमेकांपासून दूर जात होती. हे संशोधन मोलाचं आहे. पण त्याचा अर्थ असा की तुमचा आजचा आलेख पुढच्या डेंग्यूनंतर निराळा असेल. जो अहवाल चार महिन्यांत शिळा होतो आणि ज्याच्यावर करण्यासारखं ठोस काही नसतं, तो विकत घेऊन फाइलीत लावण्यापलीकडे आपण काय करणार? एचएलएचा घाट उलट जन्मभर तोच. एकदा तपासा, रक्तगटासारखं लिहून ठेवा, संपलं.

आणि अनुभवानं घडणाऱ्या प्रतिकारशक्तीचा प्रश्न भारतात विचारायचाच असेल, तर व्यक्तीच्या ‘स्कोअर’पेक्षा मोठा विषय आपल्या दारात पडला आहे. बीसीजीची लस ब्रिटनमधल्या मुलांना क्षयापासून चांगलं संरक्षण देत होती. तीच लस तामिळनाडूतल्या चेंगलपट्टूत १९६८ पासून दोन लाखांहून अधिक लोकांवर तपासली, तेव्हा मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा परिणाम शून्य निघाला. मातीतल्या, पाण्यातल्या क्षयाच्या चुलत जंतूंनी तिथली शरीरं आधीच वेगळी घडवली असावीत, हे त्याचं एक स्पष्टीकरण. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरची आपली लस भारतीय बाळांत पन्नास-पंचावन्न टक्के काम करते, श्रीमंत देशांत तशाच लशी त्याहून कितीतरी जास्त. हा फरक जनुकांचा किती, आतड्यांचा किती, पाण्याचा किती, हे उलगडलं तर लाखो बाळांचं भलं होईल. अशा कामाला मी प्रतिकारशक्तीचं विश्लेषण म्हणेन. त्याला ग्राहक नाही, म्हणून ते सरकारनं करायचं.

सरकारी संस्थेनं वेगळा प्रश्न विचारला की काय होतं, याचं उदाहरण परळमध्येच आहे. कर्करोगाच्या गाठीनं टी-पेशींना घातलेला लगाम काढणारी औषधं (त्या शोधासाठी २०१८ चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं) इतकी महाग आहेत की आपल्यासारख्या देशांत त्यांची गरज असलेल्यांपैकी अगदी मूठभरांना ती मिळतात. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: एवढी मात्रा लागते तरी का? टी-पेशींवरची कुलपं थोड्याच औषधानं भरून जातात; उरलेलं वायाच जात असेल तर? तोंडाच्या-घशाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. निव्होलुमॅब हे यांतलंच एक औषध, त्याची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम; यांनी निम्म्या रुग्णांना नुसती गोळ्यांची केमोथेरपी दिली, उरलेल्यांना तिच्याबरोबर तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. वर्षभरानं जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तंबाखूनं पोखरलेल्या या राज्यात हा आकडा किती जणांच्या घरचा आहे, ते सांगायला नको. औषध विकणारी कंपनी ‘बाराव्या हिश्श्यात भागेल का’ असं कधी विचारणार होती? आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून घडवलेली नेक्सकार१९ ही रक्ताच्या कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धतीही याच वाटेवरची. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत द्यायच्या. याहून व्यक्तिनुरूप ते काय असणार? २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे चाळीसेक लाखांवर आला. चाळीस लाखही कुणाच्या घरी पडलेले नसतात, पण दिशा तरी दिसते.

हाँगकाँगचा अनुभव मात्र माझ्या विरोधात जातो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तिथे २००८ पासून कार्बामाझेपिनआधी एचएलए तपासायचं धोरण आलं. त्या गोळीनं कातडी जाणं जवळपास थांबलं. पण डॉक्टरांनी तपासणीची कटकट नको म्हणून ती गोळीच कमी लिहायला सुरुवात केली आणि फेनिटॉइन या फेफऱ्यावरच्या दुसऱ्या औषधाकडे वळले. मग फेनिटॉइननं कातडी जाण्याचे प्रकार वाढले. एकूण बेरीज फारशी हलली नाही. नियम नुसता कागदावर आणला आणि अहवाल यायला आठवडा लागला, तर डॉक्टर आडवाट काढणारच. इथे तर नक्कीच. म्हणून नियमाआधी अहवाल वेळेत देणारी व्यवस्था हवी, आणि पर्यायी औषधही तितकंच निवडून ठेवलेलं हवं.

खर्चाचा आक्षेप मला कमी भिववतो. पूर्ण एचएलए छापून घ्यायची गरजच नाही. एका औषधासाठी एकच घाट, आहे की नाही एवढंच पाहायचं असतं, आणि ते साध्या पीसीआरवर होतं. कोविडच्या दोन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत ती यंत्रं पोचली. त्यांतली किती आज धूळ खात आहेत, हे ज्याच्या त्याच्या जिल्ह्यात जाऊन पाहावं. खासगी प्रयोगशाळेत अशा तपासणीला आज हजारांत पैसे पडतात ते मागणी तुरळक म्हणून. एचआयव्ही आणि क्षयाच्या तपासण्या सरकारनं घाऊक घ्यायला लागल्यावर कशा उतरल्या, ते आपण पाहिलं आहे.

कुणी म्हणेल, सरसकट कशाला, ज्या समाजांत हा घाट जास्त आहे तेवढेच तपासा. तैवानच्या एकजिनसी लोकसंख्येत आणि अमेरिकी औषधाच्या वेष्टनावर ‘आशियाई वंश’ हे चालून जातं. इथे शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं झाली आहेत, त्यामुळे घाटांचं प्रमाण जमातीगणिक बदलतं, हे खरंच. पण म्हणून आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर जातीचा रकाना उघडायचा? नको. ज्याला गोळी द्यायची, त्याला तपासायचं. बाकी विचारायचं नाही. आणि निकाल लिहिताना ‘डॅप्सोन चालेल’ किंवा ‘डॅप्सोन नको’ एवढंच लिहावं. कुणाचा बाप कोण, कुणाला पुढे कोणता आजार होईल, असली माहिती एचएलएच्या पूर्ण छाप्यातून डोकावते. ती गोळा केली की विमा कंपन्यांचे कान टवकारतात. जी माहिती साठवलीच नाही, ती फुटतही नाही.

घाट असलेल्याचं करायचं काय, हा शेवटचा प्रश्न. कार्बामाझेपिनला पर्याय आहेत, तेही आता जेनेरिक. डॅप्सोनचा पर्याय तर त्याच पाकिटात आहे: ज्यांना ते सोसत नाही, त्यांचा उपचार आजही रिफाम्पिसिन आणि क्लोफॅझिमिनवर पुढे चालवतात. म्हणजे अहवालासाठी उपचार अडवून धरायचंही कारण नाही. भामरागडच्या केंद्रात रुग्ण नोंदवला, बोटाला टोचून रक्ताचा थेंब शोषकागदावर घेतला, कागद वाळवून पाकिटात घालून नागपूरला किंवा मुंबईला धाडला. त्याच दिवशी पहिली मात्रा सुरू. अहवाल मोबाइलवर येईपर्यंत त्या महिन्याच्या पाकिटातली डॅप्सोनच्या गोळ्यांची पट्टी आरोग्यसेविकेनं कात्रीनं कापून स्वतःच्या कपाटात ठेवायची, आणि ‘चालेल’ असं आलं की पुढच्या फेरीत नेऊन द्यायची.